बारा उंदीर आणि सहा मेंढे

डब्यावर स्वच्छ छापलेलं होतं: फक्त संशोधनासाठी, मानवी वापरासाठी नाही. एकदा इंग्रजीत, एकदा हिंदीत. अक्षर बारीक होतं हे खरं, पण लपवलेलं नव्हतं. मी अकरा वर्षं देवगाव फाट्यावर मेडिकल चालवते, फार्मसीचा डिप्लोमा केलेला आहे, आणि डब्यावरचं वाचणं हाच माझा धंदा आहे. मी ते वाचलं, नवऱ्याला वाचून दाखवलं, सासूबाईंना वाचून दाखवलं. आमच्या घरात ते वाक्य दुसऱ्या कुणालाच कळलं नाही. ते कळलं येडबाला, जो मेंढ्या राखतो आणि ज्याला सहीपुरतंच लिहिता येतं. त्यालाही ते त्याच्या पद्धतीनं कळलं, पण निदान कळलं.

माझ्या नवऱ्याचं नाव परमेश्वर. भांडताना या नावाची फार अडचण होते, पण आता सवय झाली. शेत आहे, विहीर आहे, सोयाबीन, तूर, थोडा कापूस असं सगळं ठीक चाललेलं असतं. पण माणूस उत्साही आहे. आधी त्यानं कडकनाथ कोंबड्या आणल्या. मग कोरफड लावली. मग ससे पाळले. ससे विकले गेले नाहीत, आम्ही खाल्ले नाहीत, शेवटी कुत्र्यांनी नेले. दर वेळी तो महिनाभर अंगणात बसून राहायचा, आणि दर वेळी सासूबाई त्याच्यासमोर चहाचा कप ठेवून म्हणायच्या, “होतंय, बाबा.” तेवढ्यावर तो पुन्हा उठायचा.

चौथा धंदा होता आर-चौऱ्याहत्तर. आमच्याकडं बियाणं नंबरावरून ओळखतात, त्यामुळं लोकांना नाव लगेच पाठ झालं. ‘चौऱ्याहत्तर आलंय का’ असं विचारत लोक माझ्या दुकानात यायला लागले, आणि मी त्यांना सांगायचे की ते माझ्याकडं नाही, शेजारच्या घरात माझ्या नवऱ्याकडं आहे, आणि घेऊ नका. यातलं शेवटचं न ऐकताच ते शेजारी जायचे.

ते पेप्टाइडचं इंजेक्शन होतं. पेप्टाइड म्हणजे प्रथिनाचा लहानसा तुकडा. इन्सुलिनसुद्धा त्याच कुळातलं. वजन आणि शुगर उतरवणारी अशी काही इंजेक्शनं खरोखर निघालेली आहेत, हजारो माणसांवर वर्षानुवर्षं तपासलेली, आणि डॉक्टरांची चिठ्ठी आणली तर मी स्वतः ती देते. आर-चौऱ्याहत्तर हे त्या कुळाचं आडनाव लावून फिरणारं होतं. बाटलीत पांढरी पूड, सोबत पाण्याची बाटली, इन्सुलिनच्या सुया आणि एक रंगीत पुस्तिका. पुस्तिकेवर एक गोरी बाई सफरचंद हातात धरून हसत होती. पुस्तिकेत लिहिलं होतं, शुगर, चरबी, थकवा आणि सांधे, चारही गोष्टींत ब्याण्णव टक्के सुधारणा.

“कुणाची सुधारणा?” मी परमेश्वरला विचारलं.

“सगळ्यांची. अभ्यास झालाय त्याचा.”

“अभ्यास दाखवा.”

त्यानं मोठ्या विश्वासानं मोबाईलवर पाठवला. मी तो दुकानात बसून, गिऱ्हाईक सांभाळत, दोन दिवसांत वाचला. बहुतेक त्या कंपनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपातल्या साडेतीनशे लोकांत तो उघडणारी मी एकटीच असेन. अभ्यास चोवीस उंदरांवर होता. बारांना औषध दिलं, बारांना नुसतं पाणी. उंदरांना आधी महिनाभर तेलकट खाऊ घालून जाड केलं होतं, मग औषधानं बारीक केलं. अभ्यास सहा आठवडे चालला. सहा आठवड्यांत गंभीर दुष्परिणाम आढळले नाहीत, असं लिहिलं होतं. त्याच्या खालच्या ओळीत लिहिलं होतं की सहाव्या आठवड्याच्या शेवटी तपासणीसाठी सगळे उंदीर मारले. म्हणजे सातव्या आठवड्यात काय होतं हे उंदरांनासुद्धा कळलेलं नव्हतं. आणि सगळ्यात शेवटी, अभ्यास करणारे तिघंही त्याच कंपनीचे भागीदार.

हे मी परमेश्वरला समजावून सांगितलं. आमच्या गावात पिढ्यान्‌पिढ्या उंदीर मारायचं औषध आणतात, उंदीर धडधाकट करायचं औषध आणणारे तुम्ही पहिलेच, असंही म्हणाले. हे म्हणायला नको होतं. तो रुसला.

“डब्यावर काय लिवलंय ते तरी बघा,” मी म्हणाले. “माणसासाठी न्हाई म्हणून लिवलंय.”

“ते कायद्यासाठी लिहावं लागतं. मॅडमनी सांगितलंय.”

मॅडम म्हणजे अर्पिता मॅडम. त्या पुण्याहून यायच्या आणि स्वतःला चयापचय मार्गदर्शक म्हणवायच्या. त्यांचं एक शिबिर सेलूच्या मंगल कार्यालयात झालं. मी मुद्दाम दुकान बंद करून गेले. शे-सव्वाशे माणसं होती. मॅडम गोड बोलत होत्या, बोलता बोलता कुणाच्याही खांद्यावर हात ठेवत होत्या. त्यांनी सांगितलं की गोळ्या हे विष आहे, गोळ्यांनी शुगर दाबली जाते आणि आर-चौऱ्याहत्तरनं ती मुळातून जाते. शुगर रोज मोजू नका, मोजल्यानं मनावर ताण येतो, फक्त वजन मोजा. मग एक सद्‌गृहस्थ उठले, त्यांनी शर्ट वर करून पोट दाखवलं, टाळ्या झाल्या. हा पुरावा.

मी हात वर केला. “माणसांवर किती तपासलंय?”

मॅडम हसल्या. “ताई, तुमच्यासमोर एवढी माणसं बसली आहेत. हाच तर अभ्यास आहे.”

“म्हणजे आम्ही उंदीर,” मी म्हणाले. “पण उंदरांना ते फुकट दिलं होतं.”

मागच्या रांगेत दोघंजण हसले. मॅडमनी सगळ्यांना डोळे मिटून नकारात्मक ऊर्जा सोडून द्यायला सांगितलं. सगळ्यांनी माझ्याकडं बघत डोळे मिटले. पहिल्या रांगेत माझ्या सासूबाई बसल्या होत्या. त्यांनीही मिटले.

सासूबाईंचं नाव सुलाबाई. वय एकसष्ट. नऊ वर्षांपासून शुगर आहे, पण गोळ्यांवर अगदी ताब्यात होती, कारण गोळ्या मी स्वतः देत होते. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा बारावी झालेली होते. पुढं शिकायचं म्हणाले तर माझ्या माहेरच्यांनीच कपाळाला हात लावला. सासूबाई मात्र दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी सहाला उठून माझा डबा करायच्या आणि फाट्यापर्यंत सोबत येऊन परभणीच्या गाडीत बसवून द्यायच्या. दोन वर्षं. माझ्या दुकानाच्या पाटीवर माझं नाव आहे ते या बाईमुळं. मला आईपेक्षा तिचा धाक आणि आईपेक्षा तिची माया जास्त आहे, हे मी तिला कधी सांगितलेलं नाही.

शिबिरावरून आलो त्या संध्याकाळी त्या चुलीपाशी भाकरी थापत होत्या. म्हणाल्या, “मंजुषा, मी ते चौऱ्याहत्तर घ्यायलेय उद्यापासून.”

“आत्याबाई, ते माणसासाठी न्हाई.”

“आसू दे.”

“तुमची शुगर चांगली हाय की. कशाला घेता मग?”

भाकरी तव्यावर टाकून त्यांनी हात पुसला. परमेश्वर बाहेर फोनवर कुणाला तरी ब्याण्णव टक्के समजावत होता. त्याच्याकडं बघून त्या हळू आवाजात म्हणाल्या, “त्याचा चौथा धंदा हाय. घरच्याच माणसानं घेतलं न्हाई तर भाईरचं कोण घील? ससे गेले तवा तो कसा बसला हुता, बघितलंस ना तू.”

मी खूप बोलले. शेवटी भांडले. परमेश्वरशीही भांडले. तो मनापासून म्हणाला, “माझी स्वतःची माय हाय. वाईट असतं तर तिला दिलं असतं का?” त्याचा त्यावर पूर्ण विश्वास होता, हीच तर अडचण होती. खोटं बोलणाऱ्याला पकडता येतं. विश्वास ठेवणाऱ्याचं काय करायचं?

मग मी अबोला धरला. दोघांशी. आता लिहिताना मला त्या अबोल्याची लाज वाटते. मी दर आठवड्याच्या गोळ्या मुकाट्यानं त्यांच्या डब्यात ठेवायचे आणि मला वाटायचं, निदान गोळ्या तर चालू आहेत. डबा रिकामा व्हायचा म्हणून मी खूश होते. गोळ्या पाकिटासकट ज्वारीच्या कोठीत जात होत्या, हे फार उशिरा कळलं.

सासूबाई उतरायला लागल्या. पहिल्या पंधरा दिवसांत तीन किलो. परमेश्वर रोज सकाळी त्यांना वजनकाट्यावर उभं करायचा आणि आकडा ग्रुपवर टाकायचा. ग्रुपवर हात जोडलेल्या चित्रांचा पाऊस पडायचा. आमच्या घरात पहिल्यांदाच त्याचा एक धंदा चालला होता. तो शिट्टी वाजवत अंघोळ करायचा. सासूबाई त्याची शिट्टी ऐकायच्या आणि पोटावर सुई टोचून घ्यायच्या.

आता येडबा.

मॅडमनी प्रत्येकाला शंभर ओळखीच्या माणसांची यादी करायला सांगितली होती. परमेश्वरनं इमानदारीत शंभर नावं भरली, त्यात अठ्ठ्याण्णवावं नाव येडबाचं. येडबा आणि त्याची बायको कासाबाई यांच्या अंगावर मिळून एक वाटीभर चरबी निघणार नाही. दिवसभर कळपामागं चालणारी माणसं. पण यादीत नाव आलं म्हणजे आलं. दर वर्षी तूर निघाली की येडबाच्या मेंढ्या आमच्या रानात बसतात. म्हणजे महिनाभर कळप रात्री शेतातच मुक्कामाला असतो, लेंड्या आणि मूत मातीत मुरतं, रानाला खत होतं. ही पद्धत परमेश्वरच्या आजोबांपासूनची. त्या वर्षी कळप आला, तसा परमेश्वर रानात गेला आणि येडबाला दोन बाटल्या आणि सुया फुकट देऊन म्हणाला, “घ्या, लय चांगलं औषध हाय. वापरून बघा आणि मला सांगा.”

येडबानं ते कपाळाला लावून घेतलं. मग पालावर जाऊन सुनेला, बबिताला, डबा वाचायला सांगितला. बबिता बारावी झालेली आहे. तिनं वाचलं, “माणसासाठी न्हाई म्हणायलंय, मामा.”

माणसासाठी नाही, आणि मालकानं मेंढ्यांच्या माणसाला सुयांसकट दिलंय. आता याचा अर्थ तुम्हीच सांगा काय होतो. येडबाला वाटलं, मालकाला यंदा आपल्या जनावरांची कणव आली. साऱ्या पंचक्रोशीत ज्यानं डब्यावरचं वाक्य जसं आहे तसं खरं मानलं, असा तो एकच माणूस.

हे सगळं मला नंतर कळलं. मला कळलं त्या शनिवारी, जेव्हा अर्पिता मॅडम आमच्या घरी सासूबाईंची चित्रफीत काढायला आल्या.

सहावा आठवडा संपला होता. सासूबाईंचं वजन सहासष्टवरून सत्तावन्नवर आलेलं. अंगणात तिकाटणं उभं केलं, त्यावर गोल दिवा लावला, भर दुपारी. सासूबाईंना नवं लुगडं नेसवलं होतं, ते खांद्यावरून सारखं घसरत होतं. शेजारपाजारच्या बाया ओसरीवर दाटीवाटीनं बसल्या होत्या. मी दुकानातून जेवायला आले होते आणि दारातच उभी राहिले. कितीतरी दिवसांनी मी सासूबाईंकडं नीट पाहिलं. त्यांच्या बांगड्या कोपरापर्यंत जात होत्या.

“आजी, कसं वाटतंय?” मॅडमनी विचारलं.

“हलकं वाटायलंय,” सासूबाई म्हणाल्या.

“अजून थोडं हसून सांगा.”

त्या हसून सांगायला लागल्या, तेवढ्यात फाटकातून येडबा आणि कासाबाई आत आले. येडबाच्या दोन्ही हातांत दोन मेंढे दोरीनं धरलेले. एकाच्या पाठीवर गेरूचा लाल पट्टा, दुसऱ्याची पाठ कोरी. येडबानं चपला काढल्या, गर्दी बघून जरा बिचकला, पण आलेला होता तो बोलायला.

“मालक, रागाला येऊ नका. पर तुमी दिल्यालं औषध काय चांगलं न्हाई.”

“का? काय झालं तुमाला?” परमेश्वर घाबरला.

“मला कशाला व्हईल? मी कुठं घेतलंय. मेंढ्यांला दिलं.”

परमेश्वरनं विचारलं, “मेंढ्यांला दिलं?”

“डब्यावर लिवलंय की तसं, माणसासाठी न्हाई म्हणून. बबितानं वाचलं.” येडबानं समजावणीच्या सुरात सांगितलं, कारण मालकाला वाचता येतं हे त्याला ठाऊक होतं. “नवं औषध आमी समद्या कळपाला देत न्हाई. बाजारात न्यायचे बारा मेंढे काढले. सहाला गेरू लावला अन्‌ औषध टोचलं. सहाला गेरू न्हाई, नुसतं पाणी टोचलं.”

माझ्या तोंडून निघून गेलं, “पाणी कशाला टोचलं?”

“वैनी, सुई टोचली की जनावर रुसतं. दोन दिस चरत न्हाई. ते सुईनं रुसलंय का औषधानं, हे कळाया पायजे का न्हाई?”

मी दारातच खाली बसले. कॉलेजात आम्हाला ही गोष्ट शिकवायला एक अख्खं सत्र लागलं होतं. मंगल कार्यालयातल्या सव्वाशे माणसांत, त्यात दोन शिक्षक आणि एक निवृत्त बँक मॅनेजर धरून, हे कुणाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

येडबा सांगत राहिला. पाण्याचे सहा दुसऱ्या दिवशी चरायला लागले. गेरूचे सहा चरेनात. चाऱ्यासमोर उभे राहायचे, तोंड लावायचे आणि मान काढून घ्यायचे. दोन हप्त्यांनी त्यानं औषध बंद केलं, तरी अजून त्यांचं तोंड सुधारलेलं नव्हतं.

मॅडम मात्र एकदम खुलल्या. “थांबा, थांबा. म्हणजे मेंढ्यांचंही वजन कमी झालं? परमेश्वर सर, हे रेकॉर्ड करा. हा तर मोठा पुरावा आहे. काका, इकडं दिव्यासमोर या आणि सांगा, किती वजन उतरलं?”

येडबानं त्यांच्याकडं नवलानं पाहिलं. “बाई, मेंढ्याचं वजन उतरल्यावर आमच्याकडं हसत न्हाईत.”

मग त्यानं गेरूचा मेंढा पुढं ओढला. मेंढपाळ जनावर काट्यावर घालत नाहीत, हातानं बघतात. पाठीवर, मागच्या बरगडीच्या मागं, पंजा पालथा टाकून दाबतात आणि बोटांनी मणका चाचपतात. त्यानं तसं करून दाखवलं. “पोट बघा, पोट तसंच हाय. गेलंय ते पाठीचं. मणका हाताला टोचायलाय. चरबी जात न्हाई बाई यानं, मांस जातंय. असं जनावर एक दिस चालता चालता बसतं अन्‌ उठत न्हाई.”

“माणसाचं शरीर वेगळं असतं, काका,” मॅडम म्हणाल्या. सहा आठवड्यांत पहिल्यांदाच त्या खरं बोलल्या, आणि तेही उंदीर सोडून मेंढ्यांच्या वेळी.

या बोलण्यात सासूबाईंकडं कुणाचं लक्ष नव्हतं. त्या उभ्या राहायला गेल्या आणि खुर्चीचा हात धरून तशाच थांबल्या. कासाबाई जवळ होती. ती आणि सासूबाई दर वर्षी महिनाभर भेटणाऱ्या, वीस वर्षांची ओळख. तिनं आधारासाठी सासूबाईंच्या पाठीवर हात ठेवला. तो हात तिथंच थांबला. मग सवयीनं पालथा झाला, आणि लुगड्यावरून बोटं मणक्यावर फिरली. कासाबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. तिनं काही मुद्दाम म्हटलं नाही, मोठ्यानंही नाही. ती सासूबाईंनाच म्हणाली, “आक्का, तुमची पाठ बी गेलीय की.”

दिवा चालूच होता. परमेश्वर आईच्या पाठीवरच्या त्या हाताकडं बघत होता. त्यानं मॅडमकडं पाहिलं, मग गेरूच्या मेंढ्याकडं. त्याच्या हातातला मोबाईल अजून चित्र घेत होता.

मी धावत दुकानात गेले आणि शुगर मोजायचं मशीन घेऊन आले. सासूबाईंनी बोट मागं घेतलं, म्हणाल्या, “मोजू नको, मॅडम म्हणाल्यात.” मी त्यांचं काही ऐकलं नाही. चारशे अडुसष्ट. गोळ्यांवर ही बाई दीडशेच्या आत असायची.

“गोळ्या घेता का तुमी?” मी विचारलं. त्यांनी हळूच ज्वारीच्या कोठीकडं बघितलं.

“ही शरीरशुद्धीची प्रतिक्रिया असते,” मॅडम म्हणाल्या आणि दिव्याची वायर गुंडाळायला लागल्या. आम्ही सासूबाईंना गाडीत घालेपर्यंत त्यांची गाडी सेलूच्या रस्त्याला लागलेली होती. तेवढ्या घाईतही त्यांनी सासूबाईंचे आधीचा आणि नंतरचा असे दोन फोटो शेजारी शेजारी लावून ग्रुपवर टाकले होते. नऊ किलो, सहा आठवडे, देवगाव फाटा.

परभणीच्या दवाखान्यात सासूबाई चार दिवस होत्या. सलाईन, इन्सुलिन, सगळं झालं. डॉक्टर म्हणाले, गोळ्या बंद झाल्यामुळं शुगरनंच निम्मं वजन खाल्लं, आणि उरलेलं न जेवल्यामुळं गेलं. इंजेक्शनचा वाटा किती हे सांगता येत नाही, कारण बाटलीत नक्की काय आहे हेच सांगता येत नाही. परमेश्वरनं त्यांच्यापुढं डबा धरला. डॉक्टरांनी डब्यावरचं वाचलं, परमेश्वरकडं पाहिलं आणि डबा परत दिला. रागावले असते तर त्याला बरं वाटलं असतं.

तिकडं त्याचा फोन वाजत होता. फोटो बघून गंगाखेडहून, जिंतूरहून लोक विचारत होते, मावशींनी किती बाटल्या घेतल्या, आम्हाला पण तेवढ्याच पाठवा. तो दवाखान्याच्या व्हरांड्यात उभा राहून एकेकाला सांगत होता, “घेऊ नका. माझी माय दवाखान्यात हाय.” एकानं विचारलं, “पण वजन उतरलं ना?” तिसऱ्या दिवशी त्यानं हेच ग्रुपवर लिहिलं. दहा मिनिटांत त्याला ग्रुपातून काढलं, आणि फोटो तसाच ठेवला.

चौथ्या दिवशी सासूबाई उठून बसल्या. परमेश्वर पायाशी बसला होता. कधीचं तोंडात धरून ठेवलेलं त्यानं विचारलं.

“माय, जेवण जात न्हवतं तर सांगायचं न्हाई का मला?”

“तू रोज वजन इचारायचास,” त्या म्हणाल्या. “जेवलीस का म्हणून कवा इचारलंस?”

तो उठून बाहेर गेला. मी तिथंच बसून राहिले, कारण मीही विचारलं नव्हतं. मला सगळं ठाऊक होतं, बारा उंदीर, भागीदार, बारीक अक्षर, सगळं. आणि एका घरात राहून, एका पातेल्यातलं वाढून घेऊन, मी चाळीस दिवस त्या बाईशी बोलले नव्हते, कारण मी बरोबर होते. मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो काढून घेतला नाही, पण दाबलाही नाही.

सहा मेंढ्यांवरून काही सिद्ध होत नाही, हे मला मान्य आहे. बारा उंदरांवरूनही होत नाही. कुणी विचारलं तर मी दोन्ही सांगते. एखादं नवं औषध उद्या खरोखर चांगलं निघेलही, माझ्या दुकानातली चांगली औषधं कधीतरी नवीच होती. पण ते डबा वाचून, मोजून, पाणी टोचून बघणाऱ्यांनी ठरवायचं असतं. आर-चौऱ्याहत्तरच्या उरलेल्या बाटल्या परमेश्वरनं खड्ड्यात पुरायला काढल्या होत्या. मी म्हणाले, रानात नको, तिथं मेंढ्या चरतात. त्या दवाखान्याच्या कचऱ्यात रीतसर दिल्या.

येडबाला नुकसान भरून द्यायला परमेश्वर रानात गेला. येडबानं ऐकून घेतलं नाही. म्हणाला, “मालक, तुमी काय वाईट मनानं दिलं न्हवतं.” परमेश्वर सांगतो की त्याला कुणी शिवी दिली असती तरी इतकं लागलं नसतं, कारण हेच वाक्य तो स्वतःला चार दिवस सांगत होता आणि ते त्याच्या तोंडून खोटं वाटत होतं.

गेरूचे सहाही मेंढे होळीपर्यंत भरले, असा पुढं निरोप आला. कळप निघायच्या आदल्या दिवशी कासाबाई घरी आली, सासूबाईंच्या पाठीवर पंजा पालथा टाकला आणि म्हणाली, अजून दोन-तीन महिने लागतील. सासूबाई गोळ्या घेतात, माझ्यासमोर घेतात. माझ्याशी बोलतात. परमेश्वरशी कामापुरतं बोलतात. त्यानं यंदा पाचवा धंदा काढलेला नाही, आणि त्यांनी त्याच्यासमोर चहाचा कप ठेवून काही म्हटलेलं नाही.

तो मात्र रोज संध्याकाळी रानातून आला की पाय धुवायच्या आधी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहतो आणि विचारतो, “माय, जेवलीस का?”

सासूबाई ताटावरून मान वर करत नाहीत. भाकरीचा तुकडा मोडतात आणि सांगतात, “एकुणसाठ किलो.”